मंडळीचा इतिहास देशाच्या इतिहासाबरोबर कसा शिकवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवी ते दहावीतली बारा-पंधरा मुलं, रविवारी उपासनेनंतर पाऊण तास. शाळेत ती इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांना मंडळीचा इतिहास शिकवायचा आहे. दोन्हींची सांगड घालायची का, घालायची तर कशी, आणि शाळेच्या पुस्तकाशी खटका उडाला तर काय करायचं? विचारणाऱ्या ताई इतिहासाच्या पदवीधर नाहीत आणि त्याची धास्ती त्यांच्या प्रश्नातूनच दिसते.

मी तीसेक वर्षं एका अनुदानित शाळेत इतिहास शिकवला आणि जवळजवळ तितकीच वर्षं शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेचा, मोठा वर्ग घेतला. पदवी नसल्याची धास्ती सोडून द्या. पदवी असून मी पहिली चार वर्षं हा विषय वाईट शिकवला. शाळेत राजांची यादी असते, तशी मी मिशनऱ्यांची यादी केली: कोण कधी आला, कुठे शाळा काढली, कुठे दवाखाना काढला, कधी वारला. मुलं पाठ करायची आणि विसरायची. दुसरी चूक त्याहून मोठी होती. भिंतीवर मी दोन समांतर रेषा काढल्या होत्या, वर देशाची आणि खाली मंडळीची. एका नववीतल्या मुलानं विचारलं, "सर, १८५७ ला आपण कुठे होतो?" खालच्या रेषेवर त्या वर्षी काहीच नव्हतं. त्या पोराच्या मनात 'आपण' आणि 'देश' अशा दोन जागा तयार झाल्या होत्या, आणि त्या मीच खडूनं आखून दिल्या होत्या.

तेव्हापासून माझ्या वर्गात एकच रेषा असते. तपकिरी कागदाची लांब पट्टी भिंतीला लावायची आणि कायदा, लढाई, पुस्तक, बाप्तिस्मा, निवडणूक, दुष्काळ सगळं त्याच पट्टीवर चिकटवायचं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या पट्टीतच आहे. ख्रिस्ती माणूस या देशात कुठल्यातरी वेगळ्या रस्त्यानं चालत आला नाही. ज्या वर्षी देशात काही घडलं, त्या वर्षी तोही त्यात कुठेतरी उभा होता. कुठे उभा होता, हे शोधणं म्हणजे तुमचा वर्ग.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी १८५७ चं उत्तर दिलं. दिल्लीत मास्टर रामचंद्र नावाचे गणिताचे नामांकित शिक्षक होते. १८५२ मध्ये त्यांनी आणि डॉ. चिमणलाल यांनी बाप्तिस्मा घेतला. मे १८५७ मध्ये शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा चिमणलाल मारले गेले. रामचंद्र लपून निसटले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ते परतले, तर आता गोरे अधिकारी त्यांना 'नेटिव्ह' म्हणून मारहाण करू लागले, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे सांगूनही उपयोग होईना. मुलं हे ऐकताना एकदम गप्प होतात. त्याच वर्षी आपल्याकडे बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' छापून आलं, विधवांच्या हालांवरचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. दिल्लीत तोफा चालू होत्या आणि इथे एक मराठी ख्रिस्ती माणूस विधवांसाठी गोष्ट लिहीत होता. या दोन चिठ्ठ्या एकाशेजारी एक लावा आणि मुलांना बघत बसू द्या.

त्याच्या पुढची चिठ्ठी नागरिकशास्त्राची. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा शाळेत एका ओळीत उरकतात. त्यात राणी म्हणते की ख्रिस्ती धर्मावर आमचा विश्वास आहे, पण आमची मतं प्रजेवर लादण्याचा हक्क किंवा इच्छा आम्हाला नाही. मी हा उतारा आणि संविधानाचा धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ शेजारी-शेजारी ठेवून मुलांना एकच प्रश्न विचारतो: दोन्हींत देणारा कोण आणि घेणारा कोण? दहा-बारा मिनिटं लागतात, पण एखादी मुलगी बरोबर बोट ठेवते. पहिल्यात राणी देते, म्हणजे ती परतही घेऊ शकते. दुसऱ्यात कुणी देत नाही, हक्क माणसाचा आहे. 'प्रजा' आणि 'नागरिक' या दोन शब्दांतला फरक मी व्याख्या लिहून देऊन कधीच शिकवू शकलो नव्हतो.

आता सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण १८१३ पासून करतात, कारण आपल्या मंडळ्या तिथून सुरू होतात. तसं करू नका. १८१३ पासून सुरुवात केली की ख्रिस्ती धर्म इंग्रजांच्या गलबतातून उतरला, एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं, आणि शाळेत कुणी टोमणा मारला की त्यांच्याकडे उत्तर नसतं. केरळपासून सुरू करा. प्रेषित थोमा इ. स. ५२ मध्ये आला ही तिथल्या मंडळीची परंपरा आहे. ती परंपरा म्हणूनच सांगा. मग सहाव्या शतकातला कोस्मस नावाचा व्यापारी-प्रवासी घ्या. मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि 'कल्लियाना' इथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असं त्यानं लिहून ठेवलंय. काही अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात, काही मानत नाहीत. दोन्ही सांगा. मुलांना वाद आवडतात. आणि मग इ. स. ८४९ चे कोल्लमचे ताम्रपट. वेणाडच्या अधिपतीनं तिथल्या चर्चला जमीन आणि हक्क दिले, आणि साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी (जुनी इराणी) आणि हिब्रू लिपींत आहेत. एका स्थानिक राजानं ख्रिस्ती देवळाला दान दिलं आणि साक्षीला मुसलमान, पारशी, यहुदी उभे. यावर वेगळं भाष्य करायची गरज पडत नाही.

इथेच मी तीन रंगांच्या टिकल्या वापरायला सुरुवात करतो. हिरवी म्हणजे पुरावा, पिवळी म्हणजे परंपरा, पांढरी म्हणजे श्रद्धा. प्रत्येक चिठ्ठीवर कुठली टिकली लावायची हे मुलांनी भांडून ठरवायचं. इ. स. ५२ ला पिवळी, ताम्रपटाला हिरवी, पुनरुत्थानाला पांढरी. एकदा एका पालकांना हे खटकलं. पांढरी म्हणजे कमी दर्जाची, असा त्यांचा समज झाला. मी त्यांना म्हणालो, श्रद्धेला पुराव्याच्या कुबड्या लावून चालवलं की ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी पडते. त्यांना फारसं पटलं नाही, पण मुलगा वर्गाला येत राहिला.

केरळच्या मागोमाग पोर्तुगीज येतात, आणि इथे बहुतेक शिक्षकांची पावलं अडखळतात. माझा नियम असा आहे: आपल्या बाजूची काळी पानं आपणच आधी उघडायची. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याची झळ नवख्रिस्ती, हिंदू आणि यहुदी वंशाचे लोक या सगळ्यांना लागली. १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या धर्मसभेत गोव्याच्या आर्चबिशपनं केरळच्या जुन्या ख्रिस्त्यांना रोमन साच्यात बसवायचा प्रयत्न केला. त्यांचे सुरियानी भाषेतले ग्रंथ जाळले गेले. आणि ३ जानेवारी १६५३ ला मट्टनचेरीत त्याच ख्रिस्त्यांनी जमून शपथ घेतली की यापुढे जेझुइटांचं, म्हणजे त्या रोमन कॅथलिक संघाच्या पाद्र्यांचं, ऐकणार नाही. दोर क्रुसाला बांधून सगळ्यांनी तो हातात धरला आणि भारानं क्रूस वाकला, अशी आठवण सांगतात, म्हणून 'वाकड्या क्रुसाची शपथ'. क्रूस वाकला या भागाला पिवळी टिकली, शपथेला हिरवी. परकी सत्ता झुगारणारे भारतीय ख्रिस्ती मुलांना सतराव्या शतकातच भेटतात. शाळेच्या पुस्तकात बंडाची उदाहरणं असतात, त्यात हे त्यांना कधी सापडलेलं नसतं.

गोव्याच्या आणखी दोन चिठ्ठ्यांची जोडी मी लावतो. १६१६ मध्ये रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं: ओवीबद्ध, मराठीत, फक्त लिपी रोमन. आणि १६८४ मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा बंद करून पोर्तुगीज बोलायचा हुकूम काढला. एकाच सत्तेच्या छायेत, सत्तर वर्षांच्या आत, एक माणूस मराठीची थोरवी गातो आणि दुसरा तिथल्या लोकांची बोली बंद करू बघतो. मंडळी चांगली की वाईट, असा प्रश्न मुलं विचारतातच. मी त्यांना कागदावर दोघांची नावं लिहायला लावतो आणि कुणाच्या हातात काय अधिकार होता ते शेजारी मांडायला सांगतो. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

शाळेच्या पुस्तकाशी खटका उडण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे १७३९. चिमाजी आप्पांनी वसई घेतली तो धडा आपली मुलं शाळेत अभिमानानं वाचतात, आणि ते योग्यच आहे. एकदा शिबिराला वसईकडची मुलं आली होती. त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, त्या लढाईत आम्ही जिंकलो का हरलो?" तिच्या घरी चारशे वर्षं चर्च आहे आणि घरची बोली मराठीच्या कुळातली. मी तिला सांगितलं, पोर्तुगीज राज्य हरलं आणि गेलं; तुझे पूर्वज तिथेच राहिले, तीच शेती, तीच बोली, तीच प्रार्थना, फक्त महसूल आता दुसऱ्याला. राज्य आणि रयत या दोन गोष्टी वेगळ्या धरायला शिकवलं तर हा प्रश्न सुटतो. जिंकणं-हरणं राज्यांचं असतं. रयतेला विचारा, तर ती लगान किती, पाऊस किती, हेच सांगेल. अशा खटक्याच्या वेळी पाठ्यपुस्तक चुकीचं आहे असं वर्गात म्हणू नका. परीक्षेत त्यांना तेच लिहायचंय, आणि बहुतेक वेळा पुस्तक खोटं नसतं, थोडक्यात असतं.

आता १८१३. इथे आधी एक गैरसमज काढून टाका. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. व्यापारात धर्माची भानगड नको होती. विल्यम कॅरीला म्हणूनच १८०० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातल्या, बंगालमधल्या श्रीरामपुरात आसरा घ्यावा लागला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या देशाचं ब्रिटनशी युद्ध चालू होतं, आणि त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले होते. मग त्याच वर्षी सनदी कायद्यानं मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयेही ठरले. इथवर सांगून थांबलात तर अर्धंच सांगितलंत. १८५४ नंतर सरकारी अनुदानं मिशन शाळांना मिळू लागली आणि दोघांचे हात एकमेकांत गुंतले. दोन्ही सांगा.

या काळात सांगण्यासारखं इतकं आहे की वर्ष पुरणार नाही. मी तीनच गोष्टी निवडतो आणि बाकीच्या निर्दयपणे सोडतो.

पहिली, शेषाद्री बंधूंची. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि पुढे पाळक झाले. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयानं तो अज्ञान म्हणून वडिलांच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला, त्याला जातीत परत घ्यायचं का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मी वर्गात चार मुलांना चार बाजू देतो: वडील, थोरला भाऊ, न्यायाधीश, बाळशास्त्री. श्रीपतची बाजू कुणालाच देत नाही. पंधरा मिनिटांत कुणीतरी ओरडतंच, "अरे, पण त्याला कुणी विचारलं का?" कायद्यानं सज्ञान होण्याचं वय कशासाठी असतं हे त्या दिवशी समजतं. १८५० चा जातिनिर्बंध निवारण कायदा मग एका वाक्यात सांगून होतो: धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही.

दुसरी, शिक्षणाची चौकशी करणारा हंटर आयोग. १८८२ मध्ये या आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं आणि पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, सावित्रीबाईंचं प्रशिक्षण नगरला अमेरिकन मिशनरी मिस फरार यांच्याकडे झालेलं, पण दोघं ख्रिस्ती झाले नाहीत. रमाबाईंनी पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला गेलेल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींत त्या होत्या. मिशनच्या शाळेचा उपयोग कुणी कसा करून घेतला हे शिकणाऱ्यानं ठरवलं, शाळेनं नाही. एवढं मुलांच्या लक्षात आलं की उपकाराची भाषा आपोआप कमी होते. "मिशनरी नसते तर आपण शिकलोच नसतो" हे वाक्य तुमच्या मंडळीतल्या आजोबांकडून तुम्ही ऐकाल. त्यांच्या कृतज्ञतेला धक्का लावू नका, पण मुलांना फुले आणि रमाबाई दोन्ही दाखवा.

तिसरी गोष्ट दोन टिळकांची. १९१६ मध्ये लोकमान्य स्वराज्य संघ काढतात. १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढतात, भारतीय पद्धतीनं ख्रिस्ताचं अनुसरण करणाऱ्यांचा. एकाला देशात स्वराज्य हवं, दुसऱ्याला मंडळीत. याच पट्टीवर थोडं मागे जा: १९०५, वंगभंग, स्वदेशी, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला श्रीरामपुरात नॅशनल मिशनरी सोसायटी सुरू झाली, भारतीय माणसं, भारतीय पैसा, भारतीय कारभार. तिचे एक संस्थापक व्ही. एस. अझरया १९१२ मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे) बिशप झाले. आणि पुढे १५ ऑगस्ट १९४७ नंतर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, दक्षिण भारतातल्या वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ साऊथ इंडिया झालं. उत्तरेचं ऐक्य १९७० मध्ये नागपुरात. मुलं ही वर्षं पट्टीवर शेजारी-शेजारी बघतात तेव्हा स्वातंत्र्याची चळवळ चर्चच्या दाराशी थांबली नव्हती, हे मला सांगावं लागत नाही.

दुष्काळाबद्दल थोडं. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचा बाप्तिस्मा १८७६-७८ किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या आसपासचा असेल, आणि "पोटासाठी बाटले" हे त्यांनी कधीतरी ऐकलेलं असेल. हा विषय टाळू नका. भुकेनं माणूस निर्णय घेतो तेव्हा तो निर्णय खोटा ठरतो का, हे विचारा. धान्य कुणाच्या कोठारात होतं, विहिरीवर कुणाला पाणी मिळत होतं, तेही विचारा. आणि मंडळीत आल्यावर जात गेली का, हेही. बऱ्याच ठिकाणी गेली नाही. वेगळे बाक, वेगळी कब्रस्तानं या देशातल्या चर्चनं पाहिलीत. मुलांना हे शेजाऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश इथेच शिकवून टाका: सवलती आधी फक्त हिंदूंना, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धरले गेले, ख्रिस्ती बाहेर राहिले. तुमचं मत विचारलं तर सांगा, पण मुलांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून झाल्यावर.

या सगळ्याला साधन म्हणून तुमच्या मंडळीचं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर सोन्याहून किमती आहे. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन शंभर वर्षांपूर्वीचं एखादं पान मुलांना दाखवा. धंदा, गाव, वय, साक्षीदार, सगळं असतं. आमच्याकडे एका मुलीला तिच्या पणजीचा शोध घ्यायचा होता. रजिस्टरात फक्त 'अमक्याची बायको' एवढंच सापडलं. ती घरी जाऊन आजीला विचारून नाव घेऊन आली आणि पट्टीवर लावलं. कुठली टिकली लावायची यावर वर्गात वीस मिनिटं वाद झाला. पिवळी लागली, ती मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

नागरिकशास्त्राचा गाभा म्हणून मी दोन गोष्टींवर भर देतो. एक संविधान सभेतली, दुसरी सर्वोच्च न्यायालयातली.

संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडला आणि १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा वगळल्या गेल्या. पण अनुच्छेद २५ मधला 'प्रसार' हा शब्द राहिला. डिसेंबर १९४८ मध्ये त्यावर खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र विरोधात बोलले. बाजूनं बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी होते, दोघंही हिंदू; कृष्णम्माचारींनी तर आपण चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि कुणी धर्म बदलायला लावला नाही, हे सांगितलं. मुलांना हा वाद वाचून दाखवा, मग १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटला सांगा: न्यायालय म्हणालं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ओडिशा आणि मध्य प्रदेशाचे कायदे त्या निकालात टिकले. निकाल पटो न पटो, तो मूळ शब्दांत वाचायचा. व्हॉट्सॲपवरचा सारांश माझ्या वर्गात चालत नाही.

आणि मग १९८६. दोन निकाल, दोन्ही केरळचे, दोन्हींत ख्रिस्ती परंपरेतली माणसं. बिजो इमॅन्युएल खटल्यात यहोवाच्या साक्षीदार पंथाची तीन भावंडं होती, दहावी, नववी आणि पाचवीतली. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढून टाकलं. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. दुसरा मेरी रॉय यांचा. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी ते मिळायचं. न्यायालय म्हणालं, तो कायदा आता लागू नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू. पहिल्या खटल्यात संविधान लहानशा पंथाच्या मुलांना सरकारी यंत्रणेपासून सांभाळतं. दुसऱ्यात एका बाईला तिच्याच समाजाच्या रूढीपासून. आपल्या मुलांना पहिला निकाल लगेच आवडतो. दुसऱ्याला एखादा मुलगा "पण ती चर्चच्या लोकांविरुद्ध कोर्टात गेली" असं म्हणतो, आणि बहुधा वर्गातल्या मुलीच त्याला उत्तर देतात. त्या दिवशी तुम्ही खुर्चीत मागे टेकून बसा.

रोजचं नागरिकशास्त्र मात्र मंडळीतच मिळतं. मंडळी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट असेल तर हिशेबपत्रक असतं, वार्षिक सभा असते, कोरम असतो, पंचकमिटीची निवडणूक असते. मुलांना सभेला मागे बसवा, इतिवृत्त लिहायला लावा. कमिटीवर पहिली बाई कधी आली हे जुन्या इतिवृत्तांत शोधायला सांगा; देशात बाईला मत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आहे, त्याच्याशी तुलना करू द्या. आमच्या मुलांनी एकदा हिशेबातली बेरजेची चूक काढली होती. खजिनदार दोन महिने रागावले होते.

तुम्ही शाळेतही शिकवत असाल तर एक सीमारेषा पाळा. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत ते द्यायचं तर अज्ञान मुलाच्या पालकाची संमती लागते. शाळेच्या तासाला रमाबाई, फरार, मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' हा इतिहास म्हणून जरूर सांगा, सगळ्या धर्मांच्या मुलांना त्यांचा हक्क आहे. प्रार्थना आणि साक्ष रविवारसाठी ठेवा. मी शाळेत फक्त दोन टिकल्या नेत असे. पांढरीची डबी घरी राहायची.

रोमन साम्राज्य, नायसियाची धर्मसभा, ल्यूथर यांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते लागेल तेव्हा घ्या. पोर्तुगीज आले की रोम समजावायला लागतोच, अमेरिकन मिशन आलं की धर्मसुधारणा. कॉन्स्टंटाइनपासून क्रमानं सुरू केलंत तर डिसेंबरच्या नाताळ नाटकापर्यंत तुम्ही अजून युरोपातच असाल आणि मुलं केव्हाच क्रिकेटला गेलेली असतील.

आणि पाळकसाहेबांना सगळं आधी सांगून ठेवा, विशेषतः गोव्याचं आणि जातीचं. मागाहून कुणा पालकाच्या तोंडून त्यांच्या कानावर गेलं तर वर्ग बंद होतो, हे मी दुसऱ्या एका मंडळीत पाहिलंय. त्याहून बरं म्हणजे इन्क्विझिशनच्या रविवारी त्यांनाच वर्गात बसायला बोलवा. आमचे आले होते. मुलांपेक्षा जास्त प्रश्न त्यांनीच विचारले, आणि माझा पाऊण तास त्यांच्यातच संपला.